पाहणाऱ्याची जागा : व्हिडिओ-कलेतील काल, स्थल आणि अंतर

जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे पुणे-नाशिक मार्गावरील बाजाराचे गाव. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्यामुळे ते महाराष्ट्रभर ठाऊक झाले आणि तमाशाची पंढरी हे नावही त्यास पडले. यात्रांचा हंगाम जवळ आला की तमाशाचे फड येथे राहुट्या ठोकून बसतात. गावोगावचे कारभारी येतात, आपल्या दैवताच्या यात्रेचा दिवस सांगतात, बोलणी होऊन सुपारी ठरते. परस्परांपासून दूर असलेल्या अनेक गावांच्या तिथी अशा रीतीने रस्त्याकडेच्या एका मोकळ्या जागेत एकत्र येतात. तेथून जवळच टोमॅटोचा मोठा बाजार भरतो. नाशवंत मालाच्या व्यापाऱ्याला मुंबई किती किलोमीटरवर आहे याच्याशी फारसे कर्तव्य नसते. माळशेज घाटातून गाडी किती तासांत कल्याणला पोहोचते एवढेच तो विचारतो. आणि गावाच्या पूर्वेस खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तेथे तर अंतर म्हणजेच काल. या दुर्बिणीने टिपलेल्या एका दीर्घिकेतील हायड्रोजनच्या संकेताविषयी २०२३ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. तो संकेत सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला होता.

ही तीन उदाहरणे एकाच गावाच्या परिसरातील आहेत आणि तिन्हींमध्ये स्थल, काल व अंतर ही तत्त्वे एकमेकांत विरघळलेली दिसतात. ज्या कलाप्रकाराला आज व्हिडिओ-कला असे म्हणतात, त्याचा गाभ्याचा विषयही हाच आहे. मात्र त्याची बहुतेक उदाहरणे महानगराच्या संदर्भात घडली असल्याने त्यांचे विवेचन मुंबईच्या आधारे करणे सोयीचे ठरते. प्रस्तुत लेखात मुख्यतः दोन कृतींचा विचार केला आहे. नलिनी मलानी यांची ‘युटोपिया’ (१९६९–७६) ही पहिली, आणि मुंबईतील ‘कॅम्प’ या कलावंत-गटाची ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’ (२०२२) ही दुसरी. दोहोंमध्ये जवळजवळ अर्धशतकाचे अंतर आहे. परंतु उंचावरून शहराकडे पाहणे ही क्रिया दोहोंत समान आहे.

प्रथम साधनाविषयी थोडेसे. चित्रपटाची फीत आणि व्हिडिओ यांतील भेद केवळ तांत्रिक नाही. चित्रपटाची फीत प्रकाशाने संस्कारित झाल्यावर रसायनात धुवावी लागते. त्यामुळे पडद्यावर जे दिसते ते नेहमीच होऊन गेलेले असते. व्हिडिओचे तसे नाही. कॅमेऱ्यातून निघालेला विद्युत्संकेत त्याच क्षणी दुसऱ्या ठिकाणच्या पडद्यावर प्रतिमा उमटवू शकतो. चित्रपट गतकालाला वर्तमानात आणतो. व्हिडिओ दूरच्या वर्तमानाला जवळ आणतो. या दृष्टीने पाहता दुकानाच्या दारावर लटकणारा निगराणीचा कॅमेरा हे व्हिडिओचे अपभ्रष्ट रूप नसून त्याचे सर्वांत शुद्ध रूप होय, हे विधान प्रथमदर्शनी विचित्र वाटले तरी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसरा मुद्दा कालाच्या लांबीचा. रूढ चित्रपट काल कापतो. नायक नारायणगावच्या स्थानकावर गाडीत बसतो आणि पुढच्याच दृश्यात दादरला उतरतो. मधले तास प्रेक्षकाला सोसावे लागत नाहीत. शहरावरील प्रारंभीच्या प्रसिद्ध चित्रपटांनी, उदाहरणार्थ वाल्टर रुटमान यांच्या बर्लिनवरील चित्रपटाने (१९२७), याच कापणीतून नगराची लय निर्माण केली. याच्या अगदी उलट टोकाला अँडी वॉरहॉल यांचा ‘एम्पायर’ (१९६४) आहे. न्यूयॉर्कमधील एम्पायर स्टेट इमारतीसमोर कॅमेरा स्थिर ठेवून घेतलेले हे चित्रण आठ तासांहून अधिक चालते. त्यात काहीही घडत नाही असे म्हणण्याचा प्रघात आहे. वस्तुतः संध्याकाळ होते, दिवे लागतात, दिवे मालवतात, आणि बसल्या जागी प्रेक्षकाला स्वतःच्याच वेळेचे भान येते. व्हिडिओ-कलेने पुढे जे अनेक प्रयोग केले त्यांचे बीज या ‘न कापण्यात’ आहे.

मुंबईत या विचाराचा आरंभ झाला तो दूरचित्रवाणीच्याही आधी. शहरात दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्यापूर्वी तीन वर्षे, १९६९ मध्ये, चित्रकार अकबर पदमसी यांनी जवाहरलाल नेहरू शिष्यवृत्तीच्या पैशातून नेपियन सी रोडवर ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ स्थापन केले. चित्रकार, छायाचित्रकार, चित्रपटकार यांनी एकत्र यावे, एकमेकांची साधने हाताळावी, असा त्यामागील हेतू होता. ते १९७२ पर्यंत चालले. सर ज. जी. कलाशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या नलिनी मलानी तेथे आल्या. त्या गटात त्या वयाने सर्वांत लहान आणि एकट्याच स्त्री होत्या. त्यांचा जन्म १९४६ मध्ये कराचीत झालेला. फाळणीने विस्थापित झालेल्या कुटुंबातील या कलावतीने पुढे, १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर, मंटो यांच्या ‘टोबा टेक सिंग’ या कथेच्या स्मरणाने पत्र्याच्या ट्रंकांत दूरचित्रवाणी संच ठेवून व्हिडिओ-रचना केली, ही गोष्ट या संदर्भात आठवल्यावाचून राहत नाही. ट्रंक ही निर्वासिताची वस्तू. घर आणि अंतर दोन्ही तिच्यात सामावलेली असतात.

१९६९ मध्ये मलानी यांनी ‘ड्रीम हाउसेस’ ही लहानशी रंगीत चित्रफीत केली. ८ मिलिमीटर फीत, वास्तुरचनेचे कागदी नमुने, त्यांवर टाकलेला रंगीत प्रकाश आणि एकेक चौकट थांबून घेतलेले चित्रण एवढीच सामग्री. घरे जणू प्रकाशानेच बांधली जात आहेत असे भासते. चार्ल्स कोरिया आणि बकमिन्स्टर फुलर यांच्या वास्तुविचाराची छाया तीवर आहे. त्या काळी हा विचार केवळ कागदावर नव्हता. कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना १९६५ मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडली होती. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि कोरिया नव्या मुंबईचे मुख्य वास्तुशिल्पी झाले. नियोजनाने माणसाला घर देता येईल यावर त्या पिढीचा खरोखर विश्वास होता, आणि आज त्या विश्वासाची थट्टा करणे सोपे असले तरी न्याय्य नाही.

सात वर्षांनी, १९७६ मध्ये, मलानी यांनी दुसरी चित्रफीत घेतली. ही १६ मिलिमीटरची आणि कृष्णधवल. एक तरुणी उंचावरून बाहेर, उजाड शहराकडे पाहते आहे. रंग गेले आहेत. घराचे नमुने गेले आहेत. या दोन्ही फिती शेजारी शेजारी, एकाच वेळी दाखवल्या की ‘युटोपिया’ ही कृती सिद्ध होते. तिची लांबी चार मिनिटांहून कमी आहे.

या रचनेचे वैशिष्ट्य असे की, कृतीचा खरा विषय दोन्हींपैकी एकाही पडद्यावर नाही. १९६९ आणि १९७६ यांमधील सात वर्षे कोठेही दाखवलेली नाहीत. ती दोन पडद्यांमधल्या अरुंद अंधाऱ्या पट्टीत आहेत. त्या पट्टीत १९७२ चा दुष्काळ आहे, १९७५ च्या जूनमध्ये पुकारलेली आणीबाणी आहे. १९७६ च्या मे महिन्यात मानखुर्दची जनता कॉलनी उठवून तेथील सुमारे ७०,००० रहिवाशांना चीता कॅम्पच्या जागी हलवण्यात आले. मलानी यांची चित्रफीत त्या घटनेविषयी नाही आणि तसा अर्थ तिच्यावर लादण्याचे कारण नाही. पण ‘घर’ या शब्दाला त्या वर्षी मुंबईत कोणता अर्थ आला होता हे कळण्यास ही नोंद पुरेशी आहे. कादंबरीकाराला ही सात वर्षे सांगावी लागली असती. चित्रपटकाराने ती कापली असती. येथे ती दोन प्रतिमांच्या तणावात प्रेक्षकाने स्वतः भरायची आहेत.

एकाहून अधिक पडदे कशासाठी, हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. मोठा एकच पडदा का चालू नये? याचे उत्तर खोडदला मिळते. तेथील दुर्बीण ही एक दुर्बीण नाही. ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत; त्यांतील चौदा सुमारे एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती क्षेत्रात आणि उरलेल्या सोळा तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटर विस्तारात, शेतांमधून विखुरलेल्या आहेत. गोविंद स्वरूप (निधन २०२०) यांच्या नेतृत्वाखाली ही रचना सिद्ध झाली. कोणतीही एक अँटेना आकाशाचे सूक्ष्म चित्र देऊ शकत नाही. दोन अँटेनांनी एकाच वेळी घेतलेल्या संकेतांची तुलना करावी लागते, आणि त्या दोहोंतील अंतर जितके अधिक तितका तपशील बारीक मिळतो. तीस अँटेनांच्या जोड्या होतात ४३५. त्यातही काही अंतरे रिकामी राहतातच. ती पृथ्वीच्या परिवलनाने भरून निघतात, कारण तासागणिक प्रत्येक जोडीची आकाशाच्या संदर्भातील दिशा बदलत जाते. म्हणजे जागेची उणीव कालाने भरून काढली जाते. ज्ञान येथे अँटेनेत नसून जोडीत आहे. अनेक पडद्यांच्या व्हिडिओ-रचनेतही अर्थ पडद्यात नसून दोन पडद्यांच्या संबंधात असतो. उपमा याहून ताणू नये. खगोलशास्त्रज्ञाला अखेरीस एकच सुसंगत चित्र हवे असते, कलावंताला ते नको असते.

मलानी यांच्या कृतीनंतर मुंबईत या प्रकाराला दीर्घ खंड पडला. १९९० नंतर व्हिडिओ कॅमेरा आणि प्रक्षेपक आवाक्यात आले, तेव्हा तो पुन्हा वाढीस लागला. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये २००१ साली भरलेल्या ‘सेंच्युरी सिटी’ प्रदर्शनात गीता कपूर आणि आशिष राजाध्यक्ष यांनी मुंबईचा १९९२ ते २००१ हा कालखंड निवडला होता, यावरून शहराच्या बदलाकडे कलाविचाराचे लक्ष कसे वळले होते हे समजते. तो बदल कोणता, हे येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप रीतसर मिटला नाही, गिरण्या मिटल्या. पुढे १९९१ व २००१ च्या विकास नियंत्रण नियमांनी गिरण्यांच्या जमिनी बांधकामास खुल्या झाल्या आणि लालबाग-परळच्या धुराड्यांच्या जागी उंच मनोरे उभे राहिले.

‘कॅम्प’ हा गट २००७ मध्ये शाइना आनंद, अशोक सुकुमारन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केला. ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’साठी त्यांनी मध्य मुंबईतील एका पस्तीस मजली इमारतीवर निगराणीचा कॅमेरा बसवला आणि करोना-साथीच्या काळात तो दुरून चालवून चित्रण केले. कॅमेऱ्याची जागा शेवटपर्यंत एकच. तो वळतो, झुकतो आणि भिंगाच्या साहाय्याने फार दूरवरचे जवळ ओढतो, इतकेच. शीर्षकात सुचवल्याप्रमाणे दृष्टी क्षितिजापासून सुरू होऊन खाली उतरत जाते : मनोऱ्यांचे माथे, अर्धवट बांधलेले मजले, पत्र्याची छपरे, निळी ताडपत्री, गल्ली, आणि गल्लीतील माणूस. सात पडद्यांवर ही उतरण्याची क्रिया संगीताच्या साथीने चालते. कोची-मुझिरिस द्वैवार्षिकात (२०२२) ही कृती दाखवली गेली, आणि २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात भरलेल्या या गटाच्या प्रदर्शनातही ती होती.

मलानी यांच्या कृतीशी हिची तुलना केली म्हणजे एक मोठा फरक जाणवतो. ‘युटोपिया’त स्थल जवळजवळ अनिश्चित आहे आणि काल निश्चित आहे, येथे स्थल अत्यंत निश्चित, एका बिंदूला खिळलेले आहे, आणि काल मात्र उभ्या रेषेत रचला गेला आहे. शहराचा इतिहास येथे मजल्यांनी मोजता येतो. वरून खाली येताना दृष्टी चालू दशकातून मागच्या दशकांत उतरते. भूगर्भशास्त्रज्ञ जसा थर वाचतो तसा प्रेक्षक इमारती वाचू लागतो. भिंगाने अंतर नाहीसे केले तरी ते खरोखर नाहीसे होत नाही. दूरची छपरे एकमेकांवर चिकटल्यासारखी दिसतात. जे मनोरे व झोपड्या प्रत्यक्षात एकमेकांपासून पुष्कळ दूर आहेत ते एकाच प्रतलावर येतात. हा दृष्टिभ्रम आहे. परंतु सामाजिक अंतराविषयी तो जे सांगतो ते खोटे नाही.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. खाली गल्लीत उभ्या असलेल्या माणसाला आपण पाहिले जात आहोत हे ठाऊक नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस गेलेले डबेवाले, हमाल, गिरणी कामगार यांना वरच्या मजल्यावरून पाहणारे डोळे नवे नाहीत. मार्च २०२० मध्ये लोकलगाड्या सर्वसामान्यांना बंद झाल्या आणि डबेवाल्यांचे काम थांबले. शहरातील अंतराला वेळेच्या शिस्तीत बांधण्याची जी पद्धत डब्याच्या झाकणावरील चार खुणांनी शतकाहून अधिक काळ चालवली होती, ती एका दिवसात निरुपयोगी ठरली. अशा समयी पस्तिसाव्या मजल्यावरून खाली पाहणे ही सत्तेचीच दृष्टी नव्हे काय?

या आक्षेपाला गटाच्या पूर्वीच्या कामात अधिक समाधानकारक उत्तर सापडते. ‘द नेबर बिफोर द हाउस’ (२००९–११) मध्ये त्यांनी पूर्व जेरुसलेममधील पॅलेस्टिनी कुटुंबांच्या हाती दुरून चालणाऱ्या कॅमेऱ्याचे नियंत्रण दिले. ज्या घरांतून ती कुटुंबे बेदखल झाली होती त्या घरांकडे ती स्वतः कॅमेरा वळवतात आणि जे दिसते त्यावर बोलतात. शंभर पावलांवरचे आपलेच घर, आणि तेथे जाण्याची बंदी : अंतराची इतकी नेमकी व्याख्या क्वचितच आढळेल. ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’ (२०१३) मध्ये तर कच्छच्या आखातापासून एडनच्या आखातापर्यंत गलबते नेणाऱ्या खलाशांनीच आपल्या मोबाइलवर घेतलेले चित्रण आहे. त्या कृतींत पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्या जागा बदलतात. मुंबईवरील कृतीत तशा बदलत नाहीत. दृष्टी खाली उतरते, पण कॅमेरा वरच राहतो. ही तिची मर्यादा मान्य केली पाहिजे. मात्र त्याबरोबरच हेही मान्य केले पाहिजे की ती आपली जागा लपवत नाही. बहुसंख्य शहरचित्रे आपण कोठून पाहत आहोत हे सांगण्याचे टाळतात.

पाहण्याच्या साधनाला स्वतःची जागा लागते आणि त्या जागेची किंमत आसपासच्यांना द्यावी लागते, हे नारायणगावकरांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पुणे-नाशिक मध्यम-द्रुतगती रेल्वेची मूळ आखणी चाकण, मंचर, नारायणगाव या पट्ट्यातून होती. रेडिओ दुर्बिणीला त्या मार्गाचा अडथळा होईल या कारणास्तव रेल्वे मंत्रालयाने ती आखणी अलीकडे बाजूला ठेवली आणि तालुक्यात त्याविषयी नाराजी उमटली. कोट्यवधी वर्षांचे अंतर वाचणाऱ्या यंत्रासाठी नाशिकचे अंतर होते तेवढेच राहिले. विज्ञानाची बाजू येथे दुबळी नाही. मीटर लांबीच्या लहरी टिपण्यास रेडिओ-शांतता अपरिहार्य आहे आणि अशी जागा जगात सहज मिळत नाही. परंतु टोमॅटोचा माल रस्त्याने नेणाऱ्याची बाजूही दुबळी नाही. या वादावर एखादी व्हिडिओ-कृती झाली तर तिचा कॅमेरा अँटेनेच्या बाजूस ठेवायचा की गाडीत, हा तिचा पहिला आणि कदाचित सर्वांत अवघड निर्णय ठरेल.

अभ्यासकाच्या दृष्टीने आणखी एक अडचण आहे व ती व्यवहारातली आहे. या कृती बहुधा पाहायला मिळत नाहीत. सात पडद्यांची रचना मोबाइलच्या पडद्यावर पाहणे म्हणजे तीस अँटेनांपैकी एकीचीच नोंद वाचण्यासारखे आहे. आणि ‘युटोपिया’चे एकच स्थिरचित्र पुस्तकात पाहून तिच्याविषयी लिहिणारा लेखक त्या मधल्या अंधाऱ्या पट्टीविषयी काहीच लिहू शकत नाही. ‘युटोपिया’ आज दाखवली जाते ती फितीवरून अंकीय माध्यमात उतरवलेली, म्हणजे तिचेही मूळ शरीर बदललेले आहे. ८ मिलिमीटर आणि १६ मिलिमीटर फितींच्या पोतातील फरक, जो १९६९ आणि १९७६ यांमधील फरकाचाच एक भाग होता, तो या रूपांतरात किती टिकतो हे प्रत्येक प्रदर्शनात पुन्हा तपासून पाहावे लागते.

आणि काही कृती तर उरलेल्याच नाहीत. पदमसी यांनी त्याच कार्यशाळेच्या काळात दोन चित्रपट केले. त्यांपैकी रेषांच्या गणितावर आधारलेला ‘सिझिजी’ (१९७०) उपलब्ध आहे. सुमारे सहा मिनिटांच्या ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ची एकच प्रत होती, आणि ती गहाळ झाली. चार दशकांहून अधिक काळाने चित्रपटकार अशीम अहलुवालिया यांनी वृद्ध पदमसींना गाठून त्या चित्रपटाची आठवण विचारली आणि दोघांनी मिळून तो पुन्हा उभा करण्याचा प्रयत्न केला; त्यातून त्याच नावाचा नवा चित्रपट २०१६ मध्ये तयार झाला. पदमसी जानेवारी २०२० मध्ये निवर्तले. मूळ चित्रपट पाहिलेल्यांची संख्या त्या वेळी बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती.